चित्र, कापड आणि बेतणारा हात

लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरचा जर्मन वंशाचा प्रकाशक रुडॉल्फ अ‍ॅकरमन याने १८०९ मध्ये ‘रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स’ हे मासिक सुरू केले. त्याच्या अंकांत स्त्रियांच्या पोशाखाची चित्रे असत. ती ताम्रपटावरून छापली जात आणि मग एकेक प्रत हाताने रंगवली जाई. छातीच्या जेमतेम खाली आलेली कंबर, तिथून पावलांपर्यंत सरळ उतरणारा पांढरा मलमली झगा, खांद्यावर काश्मिरी शाल, हातात छोटा बटवा. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवरच्या चित्रपटांमुळे हा वेश आपल्याकडेही अनेकांच्या ओळखीचा झाला आहे. राजा तिसरा जॉर्ज आजारी असल्यामुळे १८११ ते १८२० या काळात युवराजाने कारभार पाहिला, म्हणून त्या काळाला रीजन्सी म्हणतात. पोशाखाच्या इतिहासात मात्र हे नाव मागची-पुढची काही वर्षे धरून सैलपणे वापरले जाते. या चित्रांविषयीचे रूढ मत असे, की स्त्रियांनी कसे दिसावे हे सांगणारी ती छापील फर्मानेच होती आणि आजच्या मोबाइलच्या पडद्यावरच्या जाहिरातींचे मूळ तिथे सापडते. या मतात तथ्य आहे, पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. चित्रातला झगा तयार शिवून दुकानात टांगलेला नसे. चित्र आणि अंगावरचा कपडा यांच्यामध्ये कुणाला तरी कापड निवडावे लागे, मापे घ्यावी लागत, बेतावे लागे, कात्री चालवावी लागे. कपड्यांच्या बाबतीत स्त्रीला जे काही स्वातंत्र्य असते ते या मधल्या जागेत असते, आणि गेल्या दोनशे वर्षांत हीच जागा आकसत गेली, असे माझे म्हणणे आहे. घरच्या शिवणकामाचे खरे मोलही मला तिथेच दिसते. काटकसर किंवा जुन्या काळाची ओढ ही त्यामानाने दुय्यम कारणे आहेत.

चित्रात काय नव्हते ते आधी पाहू. त्यात बेतण्याचा आराखडा नव्हता, मापे नव्हती, आणि झग्याची पाठ बहुधा दिसतच नसे. सोबतच्या मजकुरात कापडाचे नाव, रंग, लेस, दागिने, केशरचना यांचे वर्णन असे. मुंढा किती खोल घ्यायचा, पाठीचा तुकडा किती अरुंद ठेवायचा, याबद्दल अक्षर नसे. अ‍ॅकरमनने सुरुवातीच्या वर्षांत आणखी एक विलक्षण गोष्ट केली. ब्रिटिश कारखान्यांतून निघालेल्या नव्या कापडांचे खरेखुरे तुकडे तो अंकाच्या पानावर चिकटवून देई. वाचणारीला पोत बोटांनी चाचपता येई, कापड उजेडाला धरून ते किती विरळ आहे हे पाहता येई. यामागे देशी माल खपवण्याचा हेतू होता, यात शंका नाही. पण तुकडा हातात घेऊन ‘याचे काय होईल आणि काय होणार नाही’ हे ज्या व्यक्तीला कळते, तिच्यासाठीच अशी सोय करण्यात अर्थ असतो. आपली वाचक जाणकार आहे हे प्रकाशकाने गृहीत धरले होते.

या जाणकार वाचक स्त्रीने चित्रांचे काय केले, याचा सर्वांत बोलका पुरावा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपलेला आहे. बार्बरा जॉन्सन ही एका पाद्र्याची मुलगी. ती जन्मभर अविवाहित राहिली. १७४६ पासून १८२३ पर्यंत, म्हणजे वयाच्या आठव्या वर्षापासून पंचाऐंशीच्या घरात जाईपर्यंत, आपल्या कपड्यांसाठी घेतलेल्या कापडांचे तुकडे ती एका हिशेबाच्या वहीत लावत राहिली. शेजारी तिच्या हातच्या नोंदी आहेत: कापड कोणते, किती वार, भाव काय, शिवले काय. त्याच वहीत तिने छोट्या खिसावह्यांमधून कापलेली फॅशनची कोरीव चित्रेही चिकटवली आहेत. पाऊणशे वर्षांच्या या वहीत फॅशन किती वेळा पालटली असेल! घेरदार घागऱ्यांचा जमाना गेला, उंच कमरेचा आला आणि तोही ओसरू लागला. बदलले नाही ते तिचे काम: चित्र पाहायचे, कापड तोलायचे, पैशाचा अंदाज घ्यायचा आणि आपल्याला परवडेल, शोभेल, टिकेल ते ठरवायचे. तिच्या वहीत चित्राला जागा आहे, पण ती भाव आणि वार यांच्या रांगेत. चित्र तिला फर्मान वाटत होते असे या वहीवरून मुळीच म्हणता येत नाही.

जेन ऑस्टिनच्या पत्रांतही हेच दिसते. जानेवारी १८०१ मधल्या एका पत्रात ती बहिणीला, कॅसान्ड्राला, तपकिरी मलमल आणायला सांगते: आईसाठी सात वार, स्वतःसाठी साडेसात, कारण तो झगा उंच बाईचा आहे. त्याच वर्षी मे महिन्यात बाथहून लिहिलेल्या पत्रात ती एका नव्या झग्याचे असे बारकाईने वर्णन करते, की वाचून एखादी कसलेली शिंपीण तो बेतायला बसेल. नमुना म्हणून तिने नाव घेतले आहे ते एका मैत्रिणीच्या झग्याचे. छापील चित्रांच्या जोडीने फॅशन अशी अंगावरच्या कपड्यांतून, पत्रांतून, उसवून पाहिलेल्या जुन्या झग्यांतून पसरत होती आणि प्रत्येक टप्प्यावर तिच्यात थोडा बदल होत होता. खिशांचेच घ्या. त्या सरळसोट झग्यांखाली कमरेला बांधायचे सुटे खिसे मावत नाहीत म्हणून हातात बटवा आला, असे सर्रास सांगितले जाते. बार्बरा बर्मन आणि आरियान फेनेटो यांनी उरलेले खिसे, मृत्युपत्रे आणि न्यायालयीन कागदपत्रे तपासून २०१९ मध्ये दाखवून दिले, की असे खिसे पुढे एकोणिसाव्या शतकातही स्त्रिया वापरत होत्या. चित्रकाराने खिसा काढून टाकला. बाईने तो ठेवला.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. सुईदोरा ही स्त्रीच्या पायातली बेडी होती. तिला स्वातंत्र्य कसले म्हणता? हा आक्षेप त्याच काळातल्या दोन स्त्रियांनी घेतलेला आहे आणि त्या दोघींचे म्हणणे टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ मधल्या स्त्रीहक्कांवरच्या ग्रंथात लिहिले, की पुरुष कपडे शिवायला टाकतो आणि विषय संपवतो. स्त्री स्वतःचे कपडे स्वतः शिवते, त्यांबद्दलच बोलत राहते आणि तिचे विचार स्वतःच्या देहाभोवती घोटाळत राहतात. शिवणकामाने बुद्धी आखडते, हा तिचा मुद्दा. दुसरी स्त्री मेरी लॅम्ब, भाऊ चार्ल्सबरोबर शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी लिहिणारी. तिने तरुणपणी अकरा वर्षे शिवणकामावर पोट भरले होते. १७९६ मध्ये मानसिक आजाराच्या झटक्यात तिच्या हातून आईची हत्या झाली, आणि त्या दिवसांत शिवणाचे काम व आजारी आईची सेवा यांचा तिच्यावर किती भार होता, हे चरित्रकार आवर्जून नोंदवतात. हीच मेरी लॅम्ब १८१५ मध्ये एका निबंधात सांगते, की मोबदल्याशिवाय शिवणकाम कुणी करूच नये. सधन घरातली बाई दिवसभर फुकट शिवत बसते तेव्हा ती स्वतःचा वेळ घालवते आणि जिला त्या कामाची गरज आहे तिचा घासही काढून घेते. शिवणाच्या कष्टांबद्दल इतक्या अधिकाराने बोलणारे दुसरे कुणी त्या काळात मला आठवत नाही.

दोघींचे म्हणणे मला मान्य आहे, पण ते नेमके कशाबद्दल आहे हे पाहावे लागेल. हाताने घातलेली टीप वेळ खाते. एका झग्याच्या लांब शिलाया, दुमडपट्ट्या, चुण्या, कडेची तुरपाई यांत दिवसच्या दिवस जातात. आणि घरात अंगरखे, चादरी, लंगोट, बाळंत्यांचे ढीग असले की एका बाईचे आयुष्य त्यात विरून जाते. बेतणे हे वेगळे काम आहे. त्याला अर्धा-एक तास लागतो, पण त्या वेळात कापडाचा उभा-आडवा धागा, देहाचा आकार, हालचाल, खर्च, उरणारा तुकडा, पुढच्या वर्षी उसवून काय करता येईल, हे सगळे एकदम डोक्यात धरावे लागते. वुलस्टनक्राफ्टचा पुरुष ‘कपडे टाकून’ मोकळा होत होता, कारण शिंपी त्याच्या देहाची मापे घेऊन बेतत होता. कापड आणि ठेवण यांबद्दलचा निर्णय त्या पुरुषाच्या हातून सुटलेला नव्हता. म्हणजे खरा प्रश्न शिवावे की न शिवावे हा नाही. कष्ट कुणाकडे गेले आणि निर्णय कुणाकडे राहिला, हा प्रश्न आहे. एक लक्षणीय बाब अशी, की कापड कसे बेतावे हे शिकवणाऱ्या इंग्रजी पुस्तकांपैकी सुरुवातीचे एक, १७८९ मधले, गरिबांना दान द्यायच्या कपड्यांविषयी होते. श्रीमंतांसाठी चित्र आणि गरिबांसाठी आराखडा, अशी ती वाटणी होती.

आणखी एका हाताचा हिशेब इथे मांडला पाहिजे, कारण तो आपल्या भूमीशी बांधलेला आहे. चित्रातला पांढरा झगा मुळात बंगालच्या मलमलीचा. ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त हेन्री टिल्नी अस्सल हिंदुस्थानी मलमलीच्या भावाची चर्चा किती अभिमानाने करतो! ढाक्याच्या विणकरांची ती कला ईस्ट इंडिया कंपनीच्या दडपणाखाली आणि यंत्राच्या स्पर्धेत मोडत गेली. सॅम्युअल क्रॉम्प्टनच्या १७७९ च्या चातीयंत्राने इंग्लंडमध्येच बारीक सूत निघू लागले, आणि त्या सुताचा कापूस पुढे वाढत्या प्रमाणात अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्यांवरून येऊ लागला. काश्मिरी शालीची नक्कल स्कॉटलंडच्या पेझ्ली गावाने इतकी केली, की आपली कोयरी जगभर त्या गावाच्या नावाने ओळखली जाते. बेतणाऱ्या इंग्रज स्त्रीला कापड बोटांनी कळत होते. ते कुणाच्या कष्टांतून आले हे तिला कळत नव्हते, किंवा कळून घ्यायचे नव्हते. तिच्या निर्णयाची ही मर्यादा मी लपवू इच्छित नाही.

पुढे यंत्र आले. एलायस हौचे पेटंट १८४६ चे, आयझॅक सिंगरचे १८५१ चे. व्हीलर अँड विल्सन कंपनीने १८६० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे लागत आणि यंत्रावर १ तास १६ मिनिटे. आकडे विकणाऱ्याचे आहेत, तरी फरक प्रचंड होता यात वाद नाही. मेरी लॅम्बला छळणारे कष्ट इथे संपायला हवे होते. एबनेझर बटरिकने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी आराखडे विकायला काढले आणि त्यामुळे बेतण्याची विद्या टपालाने घरोघर पोचू लागली. यंत्र आणि कागदी आराखडा यांची जोडी घरच्या शिवणाला लाभली, ही स्त्रियांच्या इतिहासातली फार मोठी घटना आहे असे मी मानतो. पण त्याच यंत्राने दुसऱ्या बाजूला उलटे काम केले. वाचलेला वेळ झालरी आणि चुण्यांनी गिळला. कारखान्यात टीप बाईकडेच राहिली, तीही नगावर मिळणाऱ्या तुटपुंज्या मजुरीवर, आणि बेत तिच्या हातून काढून घेतला गेला. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापणारा वेगळा, आखणारा वेगळा. यंत्रावर बसलेली बाई दिवसभर एकच शिलाई मारते, कधी फक्त बाही, कधी फक्त कॉलर. जे अर्ध्या तासाचे बुद्धीचे काम होते ते गेले, जे बारा तासांचे हातांचे काम होते ते उरले.

विकत घेणाऱ्या बाईचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. तयार कपडा विकायचा तर सरासरी देह ठरवावा लागतो. अमेरिकेच्या शेती खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली आणि १९४१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंतिम हिशेबात फक्त गोऱ्या स्त्रिया धरल्या. त्यावर आधारलेले मापांचे प्रमाण १९५८ मध्ये निघाले आणि १९८३ मध्ये मागे घेतले गेले, कारण कारखानदार तोवर आपापल्या सोयीने आकडे ठरवू लागले होते. आज एकाच बाईला एका दुकानात मध्यम बसते आणि दुसऱ्यात मोठे. कपडा बसला नाही तर ती म्हणते, ‘माझे खांदेच रुंद आहेत’, ‘माझे पोट सुटले आहे’. बार्बरा जॉन्सनला असे म्हणण्याचे कारण नव्हते, कारण तिचा कपडा तिच्या देहावरून बेतलेला असे. चूक झाली तर ती कात्रीची. देह चुकीचा आहे ही भावना निवडीच्या इतक्या भरमारीत निर्माण व्हावी, याची मला मनापासून खंत वाटते. दुकानात पाचशे कुर्ते असले तरी त्यांतला एकही तुमचा मुंढा किती खोल हवा हे विचारत नाही.

यावर दुसरा आक्षेप येतो: घरी शिवलेला कपडा आज बाजारातल्यापेक्षा महाग पडतो, तेव्हा हा सवड आणि पैसा असलेल्यांचा छंद आहे. हिशेब बरोबर आहे. पण बाजारातला कपडा इतका स्वस्त का, याचे उत्तर २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथे मिळाले. राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११३४ माणसे मेली, त्यांत बहुसंख्य शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेल्यावर खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली. कारखान्यांतल्या मजुरांना मात्र कामावर बोलावले. ज्या ढाक्याची मलमल रीजन्सीच्या चित्रांत झळकते, त्याच ढाक्याजवळ हे घडले. घरी चार झगे शिवल्याने हा अन्याय संपणार नाही आणि तसा दावाही मी करत नाही. घरी शिवणाऱ्यांच्या कपाटांतही गरजेपेक्षा जास्त कापड साठते. पण जिने एकदा कॉलर बसवली, जिने काज करताना बोटे दुखवून घेतली, तिला दोनशे रुपयांच्या शर्टावरची किंमत वाचता येते. मजुरी कुठे दाबली गेली असेल, कापड कुठे उरेप कापायचे टाळले असेल, शिलाईत किती कमी कापड सोडले असेल, हे तिला दिसते. मेरी लॅम्बची मागणी होती की या कामाचे मोल मिळावे. ते मोल ओळखण्यासाठी ते काम थोडे तरी हातून झालेले असावे लागते.

जुने पोशाख पुन्हा शिवणाऱ्यांवर तर स्वप्नरंजनाचा आरोप नेहमीच होतो. मला त्यांचे काम संशोधनाच्या बरोबरीचे वाटते. जॅनेट आर्नल्ड या इंग्रज अभ्यासक बाईंनी संग्रहालयांतले उरलेले कपडे मोजून, आतल्या शिलाया तपासून त्यांचे आराखडे काढले आणि १९६४ पासून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आज जगभर घरी बसून रीजन्सी झगा शिवणाऱ्या स्त्रियांच्या हातात तेच असतात. ते आराखडे पाहिले की चित्रात न दिसणारी पाठ दिसते. मागचा तुकडा अतिशय अरुंद, बाही पाठीवर खूप आत बसवलेली, त्यामुळे खांदे आपोआप मागे जातात. चित्रातली ती ताठ, डौलदार ठेवण स्वभावाची नव्हती, कात्रीची होती. हे ज्ञान शिवल्याशिवाय आले नसते. हॅम्पशायरमध्ये जेन ऑस्टिनचा मानला जाणारा १८१२-१४ च्या सुमाराचा एक रेशमी कोट आहे. हिलरी डेव्हिडसन यांनी त्याची मापे घेऊन तसाच कोट पुन्हा शिवला आणि त्यावरून अनुमान काढले, की अंगात घालणारी बाई चांगली उंच आणि सडपातळ असावी. साडेसात वार मागणाऱ्या पत्राशी हे जुळते. चरित्रकारांना जे चेहऱ्याच्या चित्रांतून कळले नाही ते शिलाईने सांगितले.

महाराष्ट्रात बेतण्याची विद्या अजून मेलेली नाही, कारण साडीचे ब्लाउज तिला जगवते. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनात १९०९ पासून विधवा आणि गरजू बायकांना शिवण शिकवले गेले ते त्यांनी पायावर उभे राहावे म्हणून. झारापकरांच्या बेतण्याच्या पद्धतीवर शिवणवर्गांच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. कागदावर आधी कटिंग काढायचे, मग कापडाला हात लावायचा. आजही गल्लीतल्या शिवणाऱ्या ताईंकडे बाई मोबाइलवरचा फोटो घेऊन जाते आणि सांगते, ‘गळा असा, पण पाठ एवढी उघडी नको, बाही कोपरापर्यंत’. चित्र आणि देह यांच्यामधली ती जुनी जागा इथे शाबूत आहे, आणि तिथे दोन स्त्रिया मिळून निर्णय घेतात. पण ब्लाउजही आता तयार, ताणणाऱ्या कापडाचे, कुणालाही बसणारे मिळू लागले आहे. अमेरिकेत जोअ‍ॅन या कापडदुकानांच्या साखळीने २०२५ मध्ये सुमारे ८०० दुकाने कायमची बंद केली, तेव्हा तिथल्या कितीतरी गावांत कापड हात लावून पाहण्याची सोयच उरली नाही. विद्येला दुकाने, वर्ग आणि शिकवणारी माणसे लागतात. ती गेली की नुसत्या चित्रफिती पाहून विद्या परत येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलींना रुमालावर टाके घालायला लावण्यापेक्षा मुलगे आणि मुली दोघांनाही स्वतःची मापे घेऊन एक सदरा कागदावर बेतायला शिकवावे आणि तो यंत्रावर शिवून अंगात घालायला लावावा. आणि आपल्यापैकी जे पैसेवाले आहेत, त्यांनी ब्लाउजच्या शिलाईत दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करणे आजपासून थांबवावे.